पुढच्या महिन्याची चार तारीख

घोरावाडीच्या रोशनबी शेख विसाव्या वर्षी तळेगावच्या एका कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागल्या. तिथले हेडक्लार्क जुन्या वळणाचं इंग्रजी लिहीत. महिन्याचं नाव न घालता तारखेपुढे ‘इन्स्ट.’, ‘अल्ट.’ नाहीतर ‘प्रॉक्स.’ एवढंच. रोशनबी समोर येईल ते टाइप करत. अर्थ विचारायची भीती वाटे.

जूनअखेरीस भाजे गावचा दत्तोबा त्यांच्याकडे कारखान्याचंच पत्र वाचून घ्यायला आला. वॉचमनच्या जागेसाठी त्याला ‘४ प्रॉक्स.’ला हजर व्हायला सांगितलं होतं. हे ‘अ‍ॅप्रॉक्सिमेट’च असणार, असं रोशनबींना वाटलं. चारच्या आसपास कधीही या, असं त्यांनी सांगून टाकलं. गावाकडे भातलावणी चालू होती. ती उरकून दत्तोबा सात जुलैला आला, तेव्हा जागा भरली होती.

त्यानंतर रोशनबींनी डिक्शनरी उघडली. ‘अ‍ॅप्रॉक्सिमेट’ आणि ‘प्रॉक्स.’ हे दोन्ही शब्द ‘सर्वांत जवळचा’ या अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दातून आलेले. पण ‘प्रॉक्स.’ म्हणजे ‘प्रॉक्सिमो’, लगेच पुढचा महिना; ‘इन्स्ट.’ म्हणजे चालू आणि ‘अल्ट.’ म्हणजे मागचा. तारीख पक्की चारच होती. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

निवृत्तीनंतर त्या घरी मुलींना इंग्रजी शिकवू लागल्या. गेल्या वर्षी भाज्याजवळच्या मळवली स्टेशनावरून लोकलनं प्रतीक्षा येऊ लागली. आपल्या आजोबांची, दत्तोबांची, नोकरी तीन दिवसांच्या उशिरानं हुकली आणि मग ते जन्मभर मजुरीवर राहिले, हे तिनं एकदा सहज सांगितलं. त्या दिवशी रोशनबींनी तास लवकर सोडला.

रविवारी त्या भाज्याला प्रतीक्षाच्या घरी गेल्या आणि ओट्यावर बसून दत्तोबांना सगळं सांगितलं.

दत्तोबा म्हणाले, “तवाच सांगायला पायजे व्हतं, बाई.”

“हो. धीर झाला नाही.”

त्यांनी बायकोला, बयाबाईंना, आतून बोलावलं.

“हिला बी सांगा. लावणी उरकून जावा, असं हीच म्हनली व्हती. नोकरी आपल्यापायी गेली, हेच आजवर मनात धरून बसलीया.”

रोशनबींनी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. बयाबाई चौकटीला टेकून ऐकत होत्या.

“मंजी माज्यापायी न्हाई?”

“नाही बयाबाई. माझ्यामुळे.”

बयाबाई तिथंच उंबऱ्यावर बसल्या. डोळ्यांना पदर लावून कितीतरी वेळ बसल्या. मग त्यांनी प्रतीक्षाला चहा टाकायला सांगितलं.