सागाखालचे बारा डबे

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा आमच्या जळकोटकडच्या पोरांना वाटलं, आता घरोघरी नोकरी येणार. जिल्हा नवा, दुष्काळ मात्र जुनाच. मी किनवटच्या सागवानात वनखात्याच्या पाऊस मोजायच्या हंगामी कामावर होतो. साहेब म्हणाले होते, "आकडे चोख दे, लातूरच्या कार्यालयासाठी शिफारस लिहून देतो." त्या चिठ्ठीवर माझा जीव टांगलेला होता.

एक डबा उघड्या माळावर, बारा डबे झाडांखाली, जागा ठरवून ठोकलेल्या खुंट्यांपाशी, आणि खोडावरून ओघळणारं पाणी धरायला बुंध्याला रबराची पन्हळ. झाडाखालचं आणि खोडावरचं पाणी मिळून माळावरच्या पावसातून वजा केलं, की उरतं ते पानांनी वरच अडवलेलं, तिथंच वाळून जाणारं.

त्या साली मोजून तीन पाऊस झाले. तिन्ही वेळा माळापेक्षा झाडाखालीच पाऊस जास्त! साहेब कडाडले, "झाडांना नळ बसवलेत का? उद्या येतो. आकडे घरी बसून लिहिले असशील तर घरीच बस."

मी तणतणत जंगलात गेलो. एकही डबा खुंटीपाशी नव्हता. प्रत्येक डबा नेमका पानांच्या धारेखाली सरकवलेला. राखणीला शेजारच्या गावातली रोजंदारीवरची बाई होती. तिच्यावर मी वाटेल तसा ओरडलो.

"आवो साहेब, कोरड्या जागी भांडं कोन ठिवतं?" ती घाबरून म्हणाली. "लई पानी वाया जाऊन राहिलं होतं. धार बघून सरकवले."

माझी मलाच लाज वाटली. डबे सांभाळ, एवढंच मी तिला सांगितलं होतं. रिकामा डबाही मोजायचा असतो, हे सांगायचं राहूनच गेलं होतं. तरी खोटं कशाला बोलू, तिच्यावर ढकलून मोकळं व्हायचं मी रात्रभर घोकत होतो.

साहेब आले. ती खराटा घट्ट धरून उभी होती. तिची रोजी जाणार हे तिला कळलं होतं.

"चूक माझी," मी म्हणालो. "डबे हलवायचे नाहीत, हे मी सांगितलंच नव्हतं."

साहेबांनी तिन्ही पावसांवर लाल रेघ मारली. "पुढचे पाऊस नीट मोज. मग चिठ्ठीचं बघू."

पुढचा पाऊस आलाच नाही. ती रोज सकाळी डबे पुसून खुंटीला अगदी चिकटवून ठेवायची.

"आता बरोबर हाय ना, साहेब?"

"हाव, मावशी," मी म्हणायचो, आणि सगळ्या रकान्यांत शून्य मांडायचो.