कुशीवर झोपून दाखवा

गादीच्या दुकानात बसणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. गिऱ्हाईक ते घरपोच आणून देतं. रांजणगावला कंपन्या आल्या आणि आमच्या शिरूरच्या दुकानात कापसाच्या गाद्यांशेजारी फोमच्या येऊन बसल्या. लोक त्या मुठीने दाबायचे आणि "कडकातली कडक द्या" म्हणायचे. माझे वडील, आप्पा, मात्र हटून बसायचे: जो झोपणार, त्यानं आधी इथं झोपून दाखवायचं. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा दुखत असेल, तर गादीत तो जरा रुतायला हवा, नाहीतर रात्रभर सगळा भार त्याच्यावरच. हे सांगता सांगता आप्पांचा घसा बसायचा.

दौंडचे एक रेल्वे गार्ड आले. कुशीवर आडवे झाले, डोळे मिटले, उघडले. म्हणाले, झोप येत नाही, ही हलत नाही! आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी निमूटपणे खाट धरून हलवू लागलो. गार्डसाहेबांचा चेहरा खुलला. "हीच द्या. आणि ह्यांना पाठवता का बरोबर?"

माझं तेव्हा लग्न झालेलं होतं, तरी आप्पा क्षणभर विचारात पडले.

* * *

बाया दुकानात आडवं व्हायला लाजायच्या. मिशनच्या शाळेतल्या साळवेबाई सोडून. फळ्यावर लिहून लिहून त्यांचा खांदा गेला होता. त्यांनी छत्री कोपऱ्यात ठेवली आणि फर्मावलं, "सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करा."

आप्पांसकट सगळे वळले. बाई गादी पसंत करून दुकानाबाहेर पडल्या, तरी मागे बघायची कुणाची हिंमत होईना.

* * *

न्हावऱ्याच्या दत्तूची गोष्ट मात्र लांबली. त्याच्या बायकोचा, सुमनचा, खांदा म्हशींच्या धारा काढून धरला होता. त्या कुशीवर वळली की कळ यायची आणि झोप उडायची. तिलाच घेऊन ये, असं आप्पांनी सांगितलं. तर दत्तू म्हणाला, बाईमाणूस दुकानात कशी झोपंल, तिच्या वतीनं मीच झोपतो. आणि गडी ऐसपैस उताणा पसरला.

"अरे, ती कुशीवर झोपते ना?"

"व्हय, पर मी उताणाच झोपतो की."

कडकातली कडक घेऊन गेला. सुमनचा खांदा आणखीच ठणकला, म्हणून ती गादी ओसरीवर गेली. दत्तूच्या खाली.

* * *

पुढच्या महिन्यात त्याची आई आली. ती कुणाला लाजणार? या कुशीवर, त्या कुशीवर झोपून तिने सुनेसाठी एक गादी ठरवली. गादी न्हावऱ्याला पोचली आणि सासूबाईंच्याच खोलीत उतरली. सुमन आपली गोधडीवरच. न बघताच मला त्या बाईची कीव येऊ लागली होती.

* * *

मग एका बाजाराच्या दिवशी दत्तूचे वडील, आबा, स्वतः सुनेला घेऊन आले. पदर सावरायला हात वर नेला तरी तिचा चेहरा कळवळायचा. आप्पांनी मऊ गादी पुढे टाकली. पण सासऱ्यासमोर ती आडवी कशी होणार? उभ्यानेच बोट लावून म्हणाली, "मामा, हीच बरी हाय."

आतला लाईट तेवढा चालू ठेवून आबांनी आप्पांना आणि मला हाताला धरून बाहेर काढलं, शटर खाली ओढलं आणि पायरीवर बसले.

बाजार ऐन भरात, गिऱ्हाईक येऊन परत जातंय, आणि आप्पा मुकाट त्यांच्या शेजारी. कुणी विचारलं की आबा शांतपणे सांगायचे, आत सून झोपली हाय. आतून एकदा खाट करकरली, मग बराच वेळ काही नाही, मग चक्क घोरणं ऐकू आलं. आप्पांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

उन्हं कलल्यावर दत्तू मोटारसायकलवर आला. धारांची वेळ झाली, तिला उठवा म्हणाला.

"धारा तू काढ," आबा म्हणाले.

"मला कुठं येत्यात?"

"मंग जा, शीक. सूनबाई अजून गादी बघती हाय."