इस्क्रेनचे गुरुवार

बल्गेरियातल्या रुसे शहराच्या पंप कारखान्यात संगणकाचं काम बघणारा लाचेझार कुणाच्या अध्यात ना मध्यात. वय अडतीस. तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातली खोली, खिडकीतून डॅन्यूबवरच्या क्रेन दिसायच्या. कारखान्यात एकशे ऐंशी माणसं, पण निम्म्यांना तो आठवायचा तो प्रिंटर अडला की मगच. त्याला लाचो म्हणून हाक मारणारी आणि ‘जेवलास का’ असं रोज विचारणारी बाई एकच, कामगारांच्या पाळ्यांचं बघणारी त्सोन्कामावशी.

त्सोन्कामावशी सत्तावन्न वर्षांची, आवाज खणखणीत. कुणाला रजा हवी, कुणाला पाळी बदलून हवी, तर तो तिला फोन करायचा. ती चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं खूण करायची, दुसऱ्या कुणाला फोन लावायची, “रुमेन, उद्या दुपारी ये रे बाबा, तुझ्या मुलीच्या लग्नात मी सगळ्या पाळ्या तुझ्यासाठी हलवल्या होत्या, विसरलास?” आणि काम होऊन जायचं. बावीस वर्षं असंच चाललं होतं.

मग एका हिवाळ्यात नवे व्यवस्थापक क्रासिमिर यांनी लाचेझारला बोलावलं. कारखान्यातल्या सगळ्यांच्या फोनवर निरोपांचं एक ॲप होतंच. गटागटांत सूचना यायच्या, वाढदिवसासारख्या साजऱ्या होणाऱ्या नामदिनाच्या मिठाईचे फोटो पडायचे.

“रजा आणि पाळीबदल त्याच ॲपवर आणायचे,” क्रासिमिर म्हणाले. “माणसानं निरोप टाकला, तुझ्या प्रोग्रॅमनं वाचला, वेळापत्रक तपासलं, उत्तर दिलं. मध्ये कुणी नको.”

“मध्ये त्सोन्कामावशी आहे,” लाचेझार म्हणाला.

“तेच म्हणतोय मी. तिला सगळे नियम तोंडपाठ आहेत, ते काढून घे. तिच्या नोकरीचं एवढ्यात बोलू नकोस. उगाच रडारड नको.”

लाचेझारनं मान डोलावली. काम मजेदार होतं, हे त्याला नाकारता आलं नसतं. कितीतरी दिवसांनी त्याला काहीतरी बनवायला मिळालं होतं.

दोन महिने रोज सकाळी तो तिच्या टेबलाशी बसला. ती घरून भट्टीत भाजलेली बानित्सा आणायची, आतलं चीज अजून गरम असायचं. तो वहीत लिहायचा, ती सांगायची. भट्टीवर दोघांपेक्षा कमी माणसं चालत नाहीत. क्रेन चालवायला परवाना असलेले तिघंच. अमक्याची तमक्याच्या शेजारी पाळी लावू नये, सासरा-जावई आहेत, बोलत नाहीत.

“आणि हे नीट लिही,” ती एकदा म्हणाली. “चार नंबरच्या यंत्रावरचा इस्क्रेन. त्याच्या बायकोला, मीतकाला, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. मंगळवारी तिची बहीण जाते, शनिवारी सुट्टी, दुपारी हाच नेतो. गुरुवार याचा. दुपारची पाळी असली की त्याला तीन तास सोडायचं, रुमेनला उभं करायचं, आणि इस्क्रेन शनिवारी सकाळी येऊन तीन तास भरून देतो.”

“हे कागदावर कुठं आहे?”

“कागदावर कशाला पाहिजे? मला माहीत आहे ना!”

लाचेझारनं लिहून घेतलं. वर जाऊन क्रासिमिरना विचारलं, तर ते म्हणाले, “तीन तासांची रजा असा प्रकारच नाही. अपवाद घालत बसलास तर प्रोग्रॅम कधी पुरा होणार? त्याला लेखी अर्ज करू दे.” लाचेझारनं प्रोग्रॅममध्ये, यंत्र वाचत नाही अशी एक ओळ टाकली: ‘इस्क्रेनचं नंतर बघू.’ अर्जाचं इस्क्रेनला सांगायला हवं होतं. ते राहिलं.

मार्चमध्ये प्रोग्रॅम सुरू झाला आणि झकास चालला. माणसानं तारीख आणि पाळी टाकली की डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर. जागा रिकामी झाली की इतरांच्या फोनवर विचारणा, जो आधी बटण दाबेल त्याला पाळी. क्रासिमिरनी सभेत लाचेझारच्या पाठीवर थाप मारली. एप्रिलअखेर त्सोन्कामावशीला केक कापून नोकरीतून निरोप दिला.

केक खाऊन झाल्यावर ती त्याच्या खोलीत आली. हातात तिच्या टेबलावरची जिरेनियमच्या फुलांची कुंडी, पिशवीत घातलेली.

“लाचो, खरं सांग. मी तुला शिकवत होते तेव्हा तुला हे माहीत होतं?”

“नाही, मावशी,” लाचेझार म्हणाला.

“बरं,” ती म्हणाली. “जेवत जा वेळेवर.” आणि गेली.

उन्हाळा गेला. भाजलेल्या मिरच्यांच्या बरण्या भरण्याचे दिवस आले आणि गेले. लाचेझारला अधूनमधून तिला फोन करावासा वाटायचा, पण काय बोलायचं हे सुचायचं नाही, म्हणून तो करायचा नाही.

नोव्हेंबरात एका सकाळी तो बसथांब्याकडे निघाला होता. कोपऱ्यावरच्या इमारतीच्या दारावर काळ्या चौकटीचा, निधनाची बातमी देणारा ताजा कागद चिकटवलेला होता. सवयीनं नजर गेली. बाईचा फोटो, हसरी, गळ्यात मण्यांची माळ. मीतका, वय एकोणपन्नास. खाली शोकाकुल पती इस्क्रेन, आणि मुलगी.

लाचेझार तिथंच थबकला. बस आली आणि गेली.

कारखान्यात पोचल्यावर त्यानं कोट न काढताच प्रोग्रॅमची नोंदवही उघडली. इस्क्रेनचे अकरा निरोप होते, सगळे गुरुवारसाठीचे. पहिला: ‘गुरुवार, दोन ते पाच.’ उत्तर: ‘अशी रजा उपलब्ध नाही.’ मग त्यानं पूर्ण दिवस मागितला. उत्तर: ‘नामंजूर. चार नंबरवर किमान माणसं नाहीत.’ जुलैत एक लांबलचक निरोप होता. ‘नमस्कार. माझी बायको आजारी आहे, दर गुरुवारी तिला इस्पितळात न्यायचं असतं, त्सोन्काबाईंना माहीत होतं, मी वेळ भरून देतो, कधी चुकवला नाही, कृपा करून विचार करावा.’ त्याखाली, एका सेकंदानंतर: ‘निरोप समजला नाही. तारीख आणि पाळी लिहा.’

पुढच्या निरोपात त्यानं मुकाट्यानं तारीख आणि पाळी लिहिली होती. नामंजूर.

इस्क्रेन नऊ दिवसांनी कामावर आला. लाचेझार खाली गेला. यंत्रांच्या घरघरीत दोघंही मोठ्यानं बोलू लागले, मग इस्क्रेननं यंत्रच थांबवलं.

“माफी मागायला आलोय,” लाचेझार म्हणाला. “तुमच्या रजा... ते उत्तर देणारा प्रोग्रॅम माझा आहे.”

“प्रोग्रॅम?” इस्क्रेननं विचारलं.

“हो. तिथं माणूस नाही.”

“मला वाटलं त्सोन्काबाईंच्या जागी कुणी नवी बाई बसवली असेल,” इस्क्रेन हळू म्हणाला. “मी मीतकाला म्हणायचो, तरुण असेल बिचारी, घाबरत असेल साहेबाला. तिला वाईट वाटू नये म्हणून मी ‘नमस्कार’ घालून लिहिलं होतं.”

“वर का नाही आलात?”

“फोरमनला विचारलं. तो म्हणाला, आता माझ्या हातात काही नाही, ॲपवर टाक. वर कुणाकडे येणार? मला कुठं माहीत होतं वर तू आहेस.”

“गुरुवारी त्यांना कोण न्यायचं मग?”

“एकटी जायची. दोन बस बदलून. येताना चक्कर यायची, बाकावर बसून राहायची थोडा वेळ.” त्यानं हात पुसले. “डॉक्टर म्हणाले, हृदयानं दगा दिला, त्याचा याच्याशी संबंध नाही. तेव्हा तू ते मनाला लावून घेऊ नकोस. पण शेवटचा गुरुवारही मी इथंच होतो, एवढं मात्र आहे.”

आणि त्यानं यंत्र सुरू केलं.

मीतकाच्या मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशीच्या स्मरणविधीला लाचेझार दफनभूमीत गेला. थंडीत माणसं कबरीभोवती उभी होती, रीतीप्रमाणे उकडलेले गोड गहू कागदी पेल्यांतून वाटले जात होते. वाटणारी त्सोन्कामावशी होती.

“मावशी, मी तेव्हा खोटं बोललो,” तो म्हणाला.

“ते मला तेव्हाच कळलं. तू माझ्याकडे न बघता कुंडीकडे बघत होतास.” तिनं पेल्यात गहू घातले. “नोकरी काय, आज ना उद्या जाणारच होती. इस्क्रेनचं मी सांगितलं होतं ना तुला?”

“सांगितलं होतं.”

“लिहून घेतलं होतंस.”

“हो.”

तिनं पेला त्याच्या हातात दिला, शेजारच्या म्हातारीकडे वळली.

लाचेझारनं मग प्रोग्रॅम बदलला. तीन तासांची रजा आली. नामंजुरीखाली एक बटण आलं, ‘माणसाशी बोलायचं आहे’, आणि ते दाबलं की लाचेझारचा फोन वाजायचा. क्रासिमिर कुरकुरले, पण त्यानं पहिल्यांदाच त्यांच्यासमोर आवाज चढवला आणि त्यांनी मान्य केलं. त्सोन्कामावशीला परत बोलवा, असंही तो म्हणाला होता. ते झालं नाही. तिनंच नको म्हणून कळवलं. ती आता बालवाडीच्या स्वयंपाकघरात जाते.

फोन आठवड्यातून तीन-चारदा वाजतो. कुणाचं पोर तापलेलं, कुणाची गाडी बंद पडलेली. लाचेझार ऐकून घेतो, कुणाकुणाला विनवतो, मावशीइतकं त्याला जमत नाही. खाली गेला की इस्क्रेन मान हलवून ओळख देतो. त्यानं त्यानंतर एकदाही रजा मागितलेली नाही. वर्षाची सगळी रजा त्याच्या नावावर तशीच शिल्लक आहे.