करवतीचं विमान

आमच्या ह्यांचा आवाज मोठा. जन्म जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेला, तिथे ओरडल्याशिवाय कोणाला ऐकू जात नाही. निवृत्त होऊन रत्नागिरीला घरी आले ते आवाज तेवढा सोबत घेऊनच. आणि आल्या आल्या झाडं कापायचं पेट्रोलवरचं मशीन आणलं. आम्ही त्याला नुसतं कटर म्हणतो. दोरी ओढली की भुर्र सुरू होतं, आणि मग ह्यांना स्वतःचं वय आठवत नाही. आंब्याला शिडी लावून हे वर, शिडी धरून मी खाली, आणि तोंडाने माझी रामरक्षा.

गेल्या थंडीत ते कटर हातातून निसटलं. बूट उभा चिरला, आतला पाय वाचला. मी बूट ह्यांच्या नाकासमोर धरून म्हटलं, "आता पुरे हं." तर म्हणतात, "होय, बूट नवा घ्यायलाच हवा."

असल्या माणसाशी भांडून उपयोग नाही, युक्तीच लागते. धाकटे दीर आमच्या शेजारच्याच घरात राहतात. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, आणि छंद काय, तर रिमोटवर उडणारी विमानं बांधायची. तेव्हा एक मोठं बांधून ठेवलं होतं, पंख एवढे लांब की दारातून तिरकं करून काढावं लागे. पण त्याला पेलेल असं इंजिन काही मिळेना. मी हळूच विचारलं, "भावोजी, कटरचं चालेल का हो?"

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पडवीतल्या कटरकडे. "चालेल की वहिनी. लोक करतात तसं. पण दादा?"

"दादा दुपारचे झोपतात."

झालं. अंगणात गोणपाट पसरलं. पातं काढलं, साखळी काढली, दोरीचं झाकण काढलं. इथपर्यंतचं मी मोबाईलवर बघून ठेवलं होतं. मग क्लचपाशी गाडी अडली. मी इंजिन मांडीत आवळून धरलेलं, भावोजी पाना फिरवतायत, आणि पान्याबरोबर आतलं सगळंच गरगर फिरतंय. क्लच जागचा हलायला तयार नाही.

"इतकी वर्षं वर्कशॉपात काय चहा पीत होतात?" मी म्हटलं.

"वहिनी, एसटीच्या गाडीला क्लच असतो, असला हट्ट नसतो."

"उलटे आटे आहेत त्याला, उलटे!" पडवीतल्या झोपाळ्यावरून गर्जना झाली. हे उठून बसलेले. कधीपासून बघत होते देव जाणे. "आणि प्लगच्या भोकातून दोरी घाला आत, म्हणजे पिस्टन अडेल. गाढवं कुठली!"

मला वाटलं, आता काही खरं नाही. पण ह्यांना राग येण्याआधी चुकीचं काम दिसतं. तरातरा खाली आले, भावोजींच्या हातातून पाना ओढला, दोरी घातली, आणि एका हिसक्यात क्लच सोडवला. तो हातात आल्यावर विचारतात, "पण हे खोललं कशाला?"

सांगितलं. इंजिन उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, "ह्याचं फिरतं चाक विमानाला जड आहे. लेथवर घासून हलकं करायला हवं." त्यानंतर भावोजींना कोण विचारतो! पुढे विमानाचा पंखा बसवायचा तुकडा ह्यांनीच कातून आणला, कार्बुरेटरही ह्यांनीच लावला. मी मनात म्हटलं, जिंकले बाई. तेवढ्यात हे म्हणाले, "जुनं लागलं हो कामाला. बरं झालं. आता मी याहून मोठं कटर आणतो."

माझी सगळी युक्ती कातळावरच्या पाण्यासारखी वाहून गेली.

विमान उडवायला आम्ही गावामागच्या सड्यावर गेलो. कातळ सपाट, आडवं येईल असं झाड नाही. नारळ ठेवला. आमच्याकडे कुठलंही काम असं सुरू करताना गाऱ्हाणं घालतात. एकाने देवाला मागणं सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'होय महाराजा' म्हणायचं. घरात गाऱ्हाणं नेहमी हेच घालतात, पण त्या दिवशी सगळं लक्ष पंख्याच्या बोल्टांत. मी म्हटलं, मी घालते.

"बा देवा महाराजा, ह्या सड्याच्या राखणदारा, हे विमान सरळ वर जाऊ दे."

"होय महाराजा!"

"सरळ खाली येऊ दे."

"होय महाराजा!"

"आणि आमच्या घरच्या मोठ्या पुरुषाच्या हाताला पुन्हा कटर लागू देऊ नको, त्याचं पाऊल शिडीवर पडू देऊ नको."

"होय महाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज ह्यांचा, बोल्टावर वाकूनच. आणि मग कशाला होय म्हटलं ते डोक्यात शिरलं, पाना तसाच हातात. भावोजींनी लगेच नारळ फोडला आणि तोंड फिरवून खोकल्यासारखं केलं.

"हे धरायचं नाही हं," हे म्हणाले.

"देवासमोर बोललात. मी कोण धरणारी?"

विमान छान उडालं. आवाज मात्र हुबेहूब कटरचा. खालच्या वाडीतून एक बाई ओरडत वर आल्या, "कोणाचं झाड तोडताय मेल्यांनो?"

परवा गोठ्यावर फणसाची फांदी वाकली होती. हे निमूट अंगणात खुर्ची टाकून बसले आणि पलीकडच्या वाडीतून कापणारा बोलावला. तो वर चढला, आणि ह्यांचं खालून सुरू. इथे धर, तिथे कलव, पातं सरळ ठेव. शेवटी तो वैतागला.

"आजोबा, एवढं येतं तर तुम्हीच चढा ना!"

ह्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग मान वर करून म्हणाले, "मला बंदी आहे. देवाची."

देवाची म्हणे! मी कोकमाची सोलं वाळत घालत होते. मान काही वर केली नाही.