लाइट लागते, पण लॅपटॉप ओळखत नाही

त्या आठवड्यात मला ‘बंद करून परत चालू करून बघ’ असं सांगणारा जो जो भेटला, त्याच्याबद्दलचं माझं मत कायमचं वाईट झालं. यात माझा नवराही आला.

मी तेव्हा रांजणगावच्या एका कारखान्यात कंत्राटावर होते. आयटीआय झालेली, पण काम पॅकिंगचं. बाटल्यांची झाकणं बघायची, खोक्यात भरायची, खोकं पुढे ढकलायचं. आमच्या लाइनीच्या टोकाला कंपनीनं रोबोटचा एक मोठा हात बसवला होता. तो बंद पडला की मेंटेनन्सची चार माणसं त्याच्याभोवती कमरेवर हात ठेवून उभी राहायची, जशी काही मुलगी बघायला आली आहेत. सगळी अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली. एकानं डबा उघडायचा, दुसऱ्यानं ‘सेन्सर गेला’ म्हणायचं, तिसऱ्यानं फोटो काढून पुण्याला पाठवायचा, आणि चौथ्यानं चहा सांगायचा. एकदा मी जागेवरूनच म्हटलं, ‘मागची वायर ढिली आहे बघा.’ ती ढिलीच निघाली. आभार राहिले बाजूला, सुपरवायझरनं ‘आपलं काम सोडून इकडंतिकडं बघते’ म्हणून मलाच झापलं.

त्या रागानं मी घरी तसाच एक छोटा हात करायला घेतला. कारेगावात आमची एक खोली होती. तिच्यातल्या ओट्यावर शेगडी सरकवली की माझी कार्यशाळा व्हायची. ऑनलाइन मागवलेलं किट होतं: सहा छोट्या मोटरी, निळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणि तळहाताएवढा एक बोर्ड, तो या हाताचा मेंदू. लॅपटॉपवर प्रोग्रॅम लिहायचा, यूएसबीच्या वायरीनं बोर्डात पाठवायचा. एकदा पाठवला की वायर काढून घेतली तरी हात ॲडॉप्टरवर आपला आपण चालतो. बोर्डावरचं यूएसबीचं तोंड प्रिंटरला असतं तसं चौकोनी होतं. जागा कमी म्हणून मी बोर्ड उभा बसवला होता, त्यामुळे ते तोंड वर आभाळाकडे उघडं राहायचं. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं.

हात पहिल्यांदा नीट चालला तो माझ्या माहेरी, केडगावच्या अलीकडे, आप्पांच्या अंगणात. आप्पा म्हणजे माझे वडील. निम्मं आयुष्य मेंढरांमागे चालण्यात गेलेलं, आता ऊस आणि थोडी वांगी. सुट्टीचा गुरुवार होता. हातानं एका ताटलीतलं लिंबू उचललं आणि दुसऱ्या ताटलीत ठेवलं. आप्पांनी लिंबू परत पहिल्या ताटलीत ठेवलं. हातानं परत उचललं. हे इतक्या वेळा झालं की शेवटी आई म्हणाली, लिंबाचा रस होईल आता. त्या गडबडीत भंडाराही उधळला गेला. आमच्या माणसांत आनंदाचं काही घडलं की देवाची हळद उधळायचीच. ताटल्या, लिंबू, माणसं आणि माझा निळा हात, सगळं पिवळं झालं.

ही बातमी मी सांगण्याआधीच सोमवारपर्यंत कारखान्यात पोचली होती. मेंटेनन्सचे साहेब लाइनीवर आले. पुण्याहून रोज कारनं येणारा हा माणूस, बुटाला धूळ लागली तर जमिनीकडे रागानं बघणारा.

‘मॅडम, घरी रोबोट केलाय म्हणे. पापड लाटतो का?’

त्यांची चार माणसं हसली.

‘पापड नाही सर. झाकणं उचलू शकेल,’ मी म्हटलं.

‘अच्छा. मग आणा शनिवारी. आपलं झाकण उचलून ट्रेमध्ये ठेवलं, तर मेंटेनन्सची रिकामी जागा तुमची.’

ते चेष्टेत बोलले होते, पण चौघांनी ऐकलं होतं आणि जागा खरोखरच रिकामी होती. सात वर्षं मी पॅकिंगला होते. दर वर्षी कंत्राट संपत आलं की पुन्हा घेतील की नाही म्हणून दिवस मोजायचे. मेंटेनन्सची जागा कायम होती. मला ती हवी होती. इतकी हवी होती की पापडाच्या त्या विनोदावर मीसुद्धा हसले, आणि ते हसणं मला आजही बोचतं.

घरी येऊन पहिलं काम काय केलं असेल, तर हात पुसून लख्ख केला. भंडाऱ्याचे डाग बघून साहेब काय म्हणतील ते मला आधीच ऐकू येत होतं. ओलं फडकं घेतलं आणि कोपरा न् कोपरा दाबून पुसला. पिवळा ठिपका म्हणून कुठं ठेवला नाही.

मंगळवारी दुसरी पाळी होती, सकाळ मोकळी. लिंबू उचलायचा प्रोग्रॅम झाकणाला चालणार नव्हता. झाकण चपटं, हात आणखी खाली जायला हवा. दोन आकडे बदलायचे, एवढंच काम. वायर जोडली. बोर्डावरची लाल लाइट लागली. लॅपटॉप मात्र गप्प. काही जोडलंय याची त्याला दखलच नाही.

‘बंद करून परत चालू कर,’ नवरा आंघोळीला जाता जाता म्हणाला.

‘केलं.’

‘मग लॅपटॉप बंद करून चालू कर.’

‘तेपण केलं.’

‘मग थोडा येळ तसंच ठिव. तापलं आसंल.’

हा माणूस टेम्पो चालवतो. टेम्पो बंद पडला तर बॉनेट उघडून तास तास आत डोकं घालतो. माझ्या वस्तूला मात्र तापलं आसंल.

वायर खराब असेल म्हणून कारखान्यातल्या आयटीवाल्याकडून प्रिंटरची वायर मागून आणली. तेच. लॅपटॉपच्या डाव्या बाजूच्या निळ्या पोर्टात लावली, उजव्या बाजूच्या काळ्या पोर्टात लावली. तेच. लॅपटॉपमधला, बोर्ड ओळखायचा ड्रायव्हर प्रोग्रॅम काढला, परत टाकला. मोबाइलवर व्हिडिओ बघितले. प्रत्येक व्हिडिओत एक माणूस आधी पाच मिनिटं स्वतःचं कौतुक करतो आणि मग तेच सांगतो जे माझ्या नवऱ्यानं टॉवेल खांद्यावर टाकून फुकट सांगितलं होतं.

बुधवारी सकाळी शिरूरला गेले. दुकानदारानं बोर्ड हातात न घेता लांबूनच निदान केलं.

‘कंपॅटिबिलिटीचा इश्यू आहे. तुमचं पोर्ट नवीन, बोर्ड जुना. मधे हब लावावा लागतो.’

‘गेल्या गुरुवारी हाच बोर्ड याच लॅपटॉपला चालत होता.’

‘अपडेट आलं असंल ना मॅडम. असं करा, मिस्टरांना पाठवा, त्यांना सांगतो समजावून.’

मिस्टरांना. टॉवेलवाल्या मिस्टरांना. मी हब, म्हणजे चार तोंडांची यूएसबीची एक डबी, घेऊन आले, कारण शनिवार जवळ येत होता आणि बुडत्याला काडीचा आधार. हब लावला. आता हबचीही लाइट लागली आणि बोर्डचीही. अडाणीपणात उजेड तेवढा वाढला.

गुरुवारी नवऱ्याच्या टेम्पोतून दौंड गाठलं. तिथं एक सर रोबोटिक्सचे क्लास घेतात. दारावर चष्मा लावलेल्या रोबोटचं चित्र. सरांच्या टेबलावर एक किट मांडलेलं होतं, त्यावरचं पातळ प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. सरांनी माझा बोर्ड आपल्या कॉम्प्युटरला लावला. लाइट लागली. त्यांच्याही कॉम्प्युटरनं ओळखला नाही. सरांनी एकदा बोर्डाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

‘हा डुप्लिकेट माल आहे. टाकून द्या. आमच्याकडे ओरिजिनल किट आहे, आणि सोबत बेसिक कोर्स करून घ्या. तुमचा पाया कच्चा दिसतो.’

माझा पाया. मी बोर्ड पिशवीत टाकला. बोलले असते तर त्या प्लास्टिकवर बोलले असते. टेम्पोत बसल्यावर नवरा म्हणाला, ‘जाऊ दे की. पॅकिंग काय वाईट हाय?’ त्यावर मी पिशवी उचलून आमच्या दोघांच्या मधे ठेवली.

परतताना माहेरी थांबलो. ऊन कलतं होतं. आप्पा ओसरीवर वांगी निवडत बसले होते. मी पिशवी खाटेवर आदळली.

‘काय झालं गं?’

‘काय न्हाई. तुमाला न्हाई कळायचं.’

‘न्हाई कळंना. दाव तर.’

दिला. आणखी एक तज्ज्ञ, म्हटलं. शिरूर झालं, दौंड झालं, आता हे. आप्पांनी बोर्ड उलटापालटा करून बघितला.

‘ह्याचं तोंड कुठलं?’

मी चौकोनी पोर्ट दाखवलं. त्यांनी ते उन्हाकडं केलं, एक डोळा मिटला आणि आत बघितलं. मेंढरू लंगडायला लागलं की त्याचा खूर धरून ते असंच बघायचे, फटीत खडा अडकलाय का म्हणून. तीन दिवसांत इतक्या शहाण्या माणसांनी त्या बोर्डाबद्दल मत दिलं होतं, मीही त्यातलीच एक, पण त्या भोकात डोकावून कोणी बघितलं नव्हतं.

‘हितं आत पिवळं काय हाय?’ आप्पा म्हणाले.

मी बोर्ड हिसकावलाच. मोबाइलची बॅटरी लावून आत बघितलं. पोर्टच्या तळाशी भंडारा बसला होता, ओला होऊन वाळलेला, सारवल्यासारखा घट्ट. वायरीची पिन शेवटपर्यंत जातच नव्हती. त्या पिनेत विजेच्या पट्ट्या लांब असतात आणि माहितीच्या आखूड. लांब पट्ट्या टेकत होत्या म्हणून लाइट लागायची. आखूड पट्ट्या केसभर अलीकडे राहायच्या, म्हणून लॅपटॉप ओळखायचा नाही. ना बोर्ड जुना, ना डुप्लिकेट.

मला हसायला यायला हवं होतं. पण तीन दिवसांचा राग साठला होता आणि समोर आप्पा होते.

‘आप्पा, कशावर बी भंडारा टाकता तुम्ही. हे काय देव्हाऱ्यातला टाक हाय का? शनिवारी माझं काय झालं असतं, हाय का ठावं?’

आप्पांनी हातातलं वांगं खाली ठेवलं.

‘म्या न्हाई टाकला.’

‘मग कुणी टाकला?’

‘तूच की. दोन्ही मुठी भरून. येळकोट म्हणून वरडलीस, आन् टाकलास.’ मग हळूच म्हणाले, ‘म्या यंत्रावर टाकीत न्हाई. इहिरीच्या मोटरला सुदिक निसतं बोट लावतो. आत गेला तर मोटर जळती.’

‘मग तवा का न्हाई बोललात?’

‘लई दिसानं हसत हुतीस. कशाला बोलू?’

मी खाटेवर बसले. मला आठवलं. अगदी लख्ख आठवलं, दोन्ही मुठी आणि हाक. उधळला मी होता. आणि साहेबांना दिसू नये म्हणून ओल्या फडक्यानं दाबून दाबून आत कोंबलाही मीच होता. कोरडा राहिला असता तर फुंकरीनं उडाला असता. मला रडू आलं आणि मी ते वांग्याच्या पाटीकडे बघत आवरलं.

आप्पांनी कुंपणाच्या बाभळीचा काटा तोडून आणला. खुरातला खडा काढावा तसा हलक्या हातानं भंडारा खरवडला, फुंकर मारली, परत खरवडला. पडलेली पिवळी भुकटी कागदावर गोळा केली आणि पुडी बांधून माझ्या हातात दिली.

‘देवाचा हाय. पायाखाली नको.’

वायर जोडली. लॅपटॉपनं आवाज दिला. बोर्डाचं नाव पडद्यावर आलं. दोन आकडे बदलायला मला दोन मिनिटं लागली.

शनिवारी साहेबांच्या टेबलावर हात मांडला. चौघे कमरेवर हात ठेवून उभे होते. हातानं झाकण उचललं, ट्रेमध्ये ठेवलं. साहेबांनी दुसरं झाकण मुद्दाम तिरकं ठेवलं. तेही उचललं. तिसरं झाकण उचललं तेव्हा हसणारं कोणी उरलं नव्हतं.

‘तुम्ही आयटीकडून वायर मागत होतात म्हणे. काय प्रॉब्लेम होता?’ साहेबांनी विचारलं.

आप्पांची पुडी माझ्या ॲप्रनच्या खिशात होती. ती बोटांना लागत होती.

‘पोर्टमध्ये कचरा होता सर,’ मी म्हटलं.

‘हं. घरी केलं की कचरा यायचाच,’ साहेब म्हणाले, आणि त्यांनी मेंटेनन्सच्या यादीत माझं नाव घातलं.

त्या आठवड्यात मी नवऱ्यापासून दौंडच्या सरांपर्यंत सगळ्यांना नावं ठेवली. त्यांच्यातल्या एकानंही भंडाऱ्याला कचरा म्हटलं नव्हतं. ते मी म्हटलं, आणि न अडखळता म्हटलं.

पुढच्या गुरुवारी पेढे घेऊन माहेरी गेले. आप्पांनी पेढा देवापुढे ठेवला आणि ओसरीवर येऊन बसले.

‘सायबाला सांगितलंस का, आत काय घावलं ते?’

‘सांगितलं.’

‘हसला?’

‘न्हाई.’

आप्पांनी मान डोलावली. ‘मग चांगला माणूस हाय.’

मी वांग्याची पाटी उचलली आणि आत नेऊन ठेवली.