शेवटच्या वाक्यातलं नाव

हिंगोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. मी औरंगाबादच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. नव्या जिल्ह्याच्या पानाला बातम्या कमी पडत. लग्नानंतर पहिल्यांदाच मला दिवाळीची सुटी मिळाली आणि आम्ही दोघं साखऱ्याला, बायकोच्या माहेरी निघालो. वाटेत काही दिसलं तर फॅक्स कर, असं मुख्य उपसंपादकांनी बजावलं होतं.

दुपारी एसटी जवळा बाजारला थांबली. आठवडी बाजार भरला होता. बायको म्हणाली, इथं उतरू, बांगड्या भरू आणि मागच्या गाडीनं जाऊ. औरंगाबादेत आमच्या गल्लीच्या तोंडाशीच बांगड्यांचं दुकान होतं. चार वर्षांत तिनं तिथं पाय ठेवला नव्हता. दर दिवाळीला ती इथून बांगड्या भरून येत होती, हे मला त्या दिवशी कळलं.

दुकानदार मणियार होता, तिच्याच वयाचा. साखऱ्याच्या शाळेत दोघं एका वर्गात होती. तिनं हात पुढं केला. त्यानं माप विचारलं नाही. तिचा अंगठा तळव्यात मिटवला, हात दाबून मऊ केला आणि हिरव्या बांगड्या एकेक करून चढवल्या. एकही फुटली नाही.

“काहून गं, हात वाळला तुझा,” तो म्हणाला. “दाजी खाऊ घालत न्हाईत का?”

“त्यांना पेपरातून सवड भेटली तर घालतील,” ती म्हणाली. दोघं हसली.

दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. त्या शब्दातच सगळं आलं होतं आणि मला ते कळतही होतं. त्याचा उपयोग झाला नाही. आमच्या घरी ती ‘मिळाली’ म्हणायची, ‘नाही’ म्हणायची. ‘भेटली’, ‘न्हाई’ हे शब्द ती या दुकानासाठी राखून ठेवते, असं मला वाटलं.

पाच वाजता शाळेच्या मैदानावर व्यापाऱ्यांनी गाण्यांचा कार्यक्रम ठेवला होता. गायक परभणीचा होता, पेटीवर हा मणियार. थांबा म्हणाला. मी शेवटच्या गाडीचं कारण काढलं. ती सातला आहे, हे बायकोनं त्याला आधीच विचारून ठेवलं होतं.

गायक बेताचा होता. पेटी चांगली होती. हे मी तेव्हाही वहीत टिपलं होतं. तासाभरापूर्वी बायकोच्या मनगटावर फिरलेली बोटं आता पट्ट्यांवर फिरत होती. ती सतरंजीवर माझ्या शेजारी बसून गुडघ्यावर ताल धरत होती आणि त्यानं भरलेल्या बांगड्या त्याच्याच पेटीबरोबर वाजत होत्या. मी दोनदा घड्याळ पाहिलं. तिनं एकदाही पाहिलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर ती मला त्याच्याकडं घेऊन गेली. “तुझं नाव छापून येईल बघ,” ती त्याला म्हणाली. त्यानं स्वतःचं नाव सांगितलं, मग वडिलांचं. “अब्बा म्हणतात, दुकान सोडून पेटी काय बडवत बसतो. त्यांना पेपर दाखवीन. बराबर लिहा, दाजी.”

मी बराबर लिहिलं. दुसऱ्या दिवशी हिंगोलीतून फॅक्स केला. मजकूर अकरा ओळींचा होता. त्यात आयोजक होते, गायक होता, ढोलकीवाला होता, माईकवाल्याचंही नाव होतं. पेटीवाल्याचं नाव सर्वांत शेवटच्या वाक्यात होतं. दिवाळीत जाहिराती वाढतात आणि पानावर जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. ती कापायचं काम एरवी माझंच होतं.

त्याच्या पुढच्या दिवशी दुपारच्या एसटीनं साखऱ्यात अंक आला. बातमी नऊ ओळींची होती. बायकोनं ती दोनदा वाचली.

“त्याचं नाव न्हाई यात.”

“जागा कमी पडली असेल.”

“तुम्ही शेवटी लिहिलं होतं?”

हो म्हणालो. बातमी खालून कापतात, हे लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात मीच तिला गंमत म्हणून सांगितलं होतं. तिनं अंकाची घडी घातली. सासरे बाहेर शेजाऱ्यांना सांगत होते की बातमी जावयाची आहे.

परतीच्या वाटेवर गाडी जवळा बाजारला दहा मिनिटं थांबली. दुकान तिच्या खिडकीतून दिसत होतं. ती उठून माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली आणि गाडी हलेपर्यंत मान खाली घालून पिशवी आवरत राहिली.

पुढच्या दिवाळीला तिनं औरंगाबादेतच बांगड्या भरायचं ठरवलं. आम्ही गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानात गेलो. दुकानदारानं माप विचारलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. ते तिला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं.