जाळीच्या खोलीला रोज एक बादली

अक्षय्य तृतीयेचा दिवस. रक्कम अकरा हजार पाचशे, रोख. हजर तिघे: मी, माझी बायको आणि जाळी विकणारा तो गृहस्थ. समोरच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभा राहिल्यापासून त्याच्या लहरींच्या धास्तीने बायको झोपायची खोली सोडून स्वयंपाकघरात सतरंजी टाकून झोपत होती. "खोलीला जाळी लावा, नाहीतर घर विका," एवढंच तिचं म्हणणं. चितेगावच्या कारखान्यात स्टोअर सांभाळून मी अठरा वर्षं या घराचे हप्ते भरले होते. मी पैसे मोजून दिले.

जाळी त्याची, मेहनत आमची. दोन रविवार मी शिडीवर चढून भिंतींना आणि छताला ॲल्युमिनियमची बारीक जाळी ठोकली. बायको खालून खिळे देत होती. "दाराचं काय? खिडकीची फट?" मी त्याला विचारलं होतं. "साहेब, अर्थिंग चांगलं असलं की फटीची चिंता नाही." म्हणून परसात खड्डा खणला, त्यात मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी घातली आणि पट्टीपासून जाळीपर्यंत तार ओढली. जाताना त्याने बायकोला बजावलं, "ताई, खड्ड्यात रोज एक बादली पाणी. माती कोरडी पडली की लहरी आतच कोंडतात."

रोज एक बादली! मे महिन्यात, जिथे नळ आठव्या दिवशी येतो त्या शहरात! भांड्यांचं पाणी आम्ही संडासात वापरायचो, मी अर्ध्या बादलीत अंघोळ उरकायचो आणि खड्डा भरलेली बादली प्यायचा. बायको मात्र पुरती खात्री पटेपर्यंत स्वयंपाकघरातच झोपत होती. धुण्याचं पाणी घाल म्हटलं, तर उत्तर तयार: "साबणाचं चालत नाय म्हणाले ते."

त्यात एका दुपारी कन्नडहून मेव्हणा आला, घामाघूम. बायकोने माठ वाकडा केला. तळाशी तांब्याभरही पाणी निघालं नाही. नळाची पाळी चुकली होती आणि शेवटची घागर सकाळीच खड्ड्यात गेली होती.

"ताये, भाऊ तहानलेला अन् खड्ड्याला पाजतीस व्हय? चहाबी देत असशील त्याला."

"तू गप. लहरींनी माझं डोकं लई उठतं."

"लहरी माणसाशी लगीन केलंस तवा नाय उठलं?"

मला हसू आलं नाही. मी ओरडलो, "विचार त्या माणसाला, आता पाणी कुठून आणू!"

तीही रागातच जाळीच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं आणि त्याला फोन लावला. स्पीकरवरचा आवाज आम्हाला बाहेर ऐकू येत होता.

"जारचं पाणी विकत घ्या ताई, पण खंड पाडू नका. बोला, आवाज एकदम क्लिअर येतोय."

"क्लिअर येतोय?"

"एकदम!"

"मी जाळीत बसून बोलतीय. दार लावून. खड्डा ओला हाय."

"ताई, फोन वेगळा, लहरी वेगळ्या."

"मग फोन काय गाढवावर बसून येतो व्हय?"

दार उघडून ती मला म्हणाली, "उचकटा ती जाळी," जणू मीच विकली होती. "फोन तर स्वयंपाकघरातबी लागतोच," म्हणत सतरंजी तिने घडी करून फळीवर ठेवली आणि पुन्हा पलंगावर झोपायला लागली. टॉवर अजून तिथेच आहे. घर विकायचं मात्र परत निघालं नाही.

त्या गृहस्थाने एक रुपया परत केला नाही. वापरलेला माल घेत नसतो म्हणे! तहानलेल्या घरातलं पाणी मातीत ओतायला लावणाऱ्या माणसाची आजही मला चीड येते.

फोन झाला त्या संध्याकाळी या जाळीपायी शेवटचे पैसे दिले ते टँकरवाल्याला. सातशे रुपये, बायकोच्या हातून.